खोक्यावरचं वाङ्मय

मराठी समीक्षकांनी कवितेला सोडलं नाही, कादंबरीला सोडलं नाही, आणि नाटकाला तर कधी सुखानं घरी जाऊ दिलं नाही. पण आज घरोघर जे गद्य सर्वांत मन लावून वाचलं जातं, त्याच्याकडे एकाही समीक्षकानं ढुंकून पाहिलेलं नाही. मी खोक्यावरच्या मजकुराबद्दल बोलतोय. कादंबरी विकत घेऊन न वाचता कपाटात ठेवणारी शंभर माणसं मी दाखवीन. पण साडेसहा हजारांची वस्तू घेतल्यावर तिच्या खोक्यावरचा मजकूर चारी बाजूंनी, आणि वस्तू चालली नाही तर खालच्या बाजूनंही, न वाचणारा माणूस अजून जन्माला यायचाय. असं असूनही या लेखकांना ना पुरस्कार, ना संमेलनात खुर्ची. त्यांची नावंसुद्धा कुणाला ठाऊक नसतात. (काही खोकी वाचल्यावर वाटतं, नाव न छापण्यात लेखकाचाच फायदा असावा.)

ही उणीव भरून काढावी म्हणून आज एक खोकं परीक्षणाला घेतलं आहे. माझा अधिकार विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि वीसेक वर्षं हिंगोलीत बँकेच्या काउंटरमागे बसतो. म्हणजे बारीक टायपातल्या वाङ्मयाशी माझा संबंध रोजचा आणि पगारी आहे. फुली, चांदणी आणि 'अटी लागू' ही या वाङ्मयाची विरामचिन्हं मला स्वप्नातसुद्धा ओळखता येतात.

परीक्षणाची कृती आहे एक डॉकिंग स्टेशन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक म्हणजे गोदी. जहाज समुद्रावर हिंडून येतं, गोदीत धक्क्याला लागतं, मग त्यात माल, पाणी, कोळसा काय भरायचं ते भरतात. आमच्या हिंगोलीला कयाधू नदी आहे, पण तिला गोदी बांधावी असं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही, त्यामुळे आम्हाला हा शब्द लॅपटॉपमुळेच कळला. १९९२ साली ॲपलनं 'पॉवरबुक ड्युओ' नावाचा लॅपटॉप काढला, तेव्हाची गोदी मोठी झोकदार होती. व्हीसीआरमध्ये कॅसेट जावी तसा अख्खा लॅपटॉप त्या पेटीच्या पोटात जायचा. आताची गोदी साबणाच्या वडीएवढी. लॅपटॉप बाहेरच बसतो, मध्ये वीतभर वायर, आणि वडीला चहूबाजूंनी भोकं. एका भोकात माऊस, एकात कीबोर्ड, एकात इंटरनेटची वायर, आणि दोनतीन भोकांत मोठे मॉनिटर. लॅपटॉपला मात्र एकच वायर जोडायची. आमच्याकडे दसऱ्याला रामलीला मैदानावर रावण उभा करतात. तोंडं दहा, पण जीव बेंबीत. डॉकिंग स्टेशनचं नेमकं तेच आहे. सगळा जीव त्या एका वायरीत.

आता या खोक्याचं शीर्षक. 'बारा इन वन'. कादंबरीचं नाव इतकं भारदस्त ठेवायला माणसाला धाडस लागतं. त्याखाली उपशीर्षक : 'युनिव्हर्सल ट्रिपल डिस्प्ले फोर के डॉक, प्लग अँड प्ले'. मुखपृष्ठावर लॅपटॉपसमोर तीन मॉनिटर, तिन्हींवर बर्फाच्छादित डोंगर, एकाचा डोंगर दुसऱ्यात शिरलेला, आणि समोर बसलेला तरुण हसतो आहे. काम करताना माणूस असा हसत असेल तर त्याचा पगार तरी मोठा असावा किंवा काम तरी दुसऱ्याचं असावं. 'फोर के' या अक्षरांच्या डोक्यावर एक बारीक चांदणी आहे. सिद्धहस्त लेखक कथेतलं रहस्य पहिल्याच पानावर एका क्षुल्लक वस्तूत लपवून ठेवतो म्हणतात. हीच ती वस्तू. चांदणीचा जोडीदार कुठं आहे हे शोधायला मी बँकेतलं सह्या ताडायचं भिंग घरी आणलं, तेव्हा तो खोक्याच्या बुडाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पायाएवढ्या टायपात सापडला. 'प्रत्यक्ष परिणाम होस्ट यंत्रणेवर अवलंबून.' होस्ट म्हणजे यजमान. आमंत्रण यांचं, जेवणाचं वर्णन यांचं, आणि पाहुणा उपाशी उठला तर दोष यजमानाचा!

हे खोकं माझ्याकडे आलं पुतणीमुळे. ती पुण्याच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करते, आणि गेली काही वर्षं ते हिंगोलीतूनच करते. माझ्या भावाच्या आजारपणानंतर तिनं इथं राहणं घराच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. कंपनीनं लिहून कळवलं, की ज्यांना घरूनच काम करायचंय त्यांनी दोन मोठ्या मॉनिटरची सोय सोमवारपर्यंत आपली आपण करावी, नाहीतर पुण्याला येऊन बसावं. कंपनीचंही अगदीच चूक नव्हतं. डाव्या पडद्यावर बिल, उजव्यावर खातं, मध्ये लॅपटॉपवर पत्रव्यवहार, असं ते काम आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या शाखांत लेजरं अजून शिल्लक होती. आमचे हेडक्लार्क डाव्या हाताला लेजर, उजव्या हाताला व्हाऊचरांचा गठ्ठा, समोर डे-बुक आणि मधल्या जागेत चहा, असे चार डिस्प्ले एकाच वेळी चालवीत. त्याला ड्रायव्हर लागत नसे. लागायचा तो फक्त शिपाई.

तर पुतणीनं एक मॉनिटर धाकट्या भावाचा घेतला, एक नवा आणला, डॉक ऑनलाइन मागवला आणि शनिवारी संध्याकाळी मला फोन केला.

"काका, दुसरा लागंना की हो."

"पहिला लागलाय ना?"

"पहिला बी नाही."

मी गेलो. टेबलावर दोन काळे पडदे, आणि त्यांच्यात आमच्या सगळ्यांची तोंडं दिसत होती. खोकं आणि त्यातली पुस्तिका मी मागून घेतली, आणि माझ्या समीक्षेचा आरंभ तिथं झाला.

आधी पुस्तिकेबद्दल. ती नकाशासारखी घडी घातलेली आहे आणि एकदा उघडली की पुन्हा तशी मिटत नाही. सात भाषांत आहे. जर्मन आहे, जपानी आहे, इटालियन आहे. हळदीच्या मोंढ्यावर उद्या एखादा इटालियन व्यापारी दोन मॉनिटर घेऊन उतरला तर त्याची गैरसोय होणार नाही. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी आहे असं वर लिहिलंय म्हणून इंग्रजी म्हणायचं. शेवटी प्रश्नोत्तरं. 'चित्र दिसत नाही, काय करावे?' या प्रश्नाला उत्तर : 'चित्र दिसते आहे का ते पाहावे.' एवढं शुद्ध तत्त्वज्ञान साडेसहा हजारांत मिळत असेल तर महाग म्हणता येणार नाही. त्याच्या पुढचं वाक्य मात्र फार महत्त्वाचं, आणि ते सर्वांत शेवटी : 'आपले टाइप-सी फुल फंक्शन असल्याची खात्री करावी.' फुल फंक्शन! हिंगोलीत फुल फंक्शन म्हणजे मांडव, बँड आणि दोन्ही वेळचं जेवण. पुतणीच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, ते शब्द ऐकले आणि लगेच विचारलं, "कुणाचं हाय?"

या दोन शब्दांत सगळ्या नाटकाचं कथानक आहे, म्हणून जरा थांबतो. टाइप-सी नावाचं ते छोटं लांबट भोक २०१४ साली आलं. उलटसुलट कसंही लावा, बसतं. त्याआधीचं यूएसबी तिसऱ्या खेपेला बसायचं हे आपण सगळ्यांनी भोगलंय. युरोपनं तर २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलला हेच भोक सक्तीचं केलं. फार छान झालं. पण कायद्यानं सगळ्या मुलांना एकच गणवेश दिला म्हणून सगळ्यांना गणित येतं असं नाही. एका टाइप-सीतून नुसती वीज जाते. दुसऱ्यातून वीज आणि फायली. तिसऱ्यातून वीज, फायली आणि चित्रही. थंडरबोल्ट नावाचं चौथं आणखी दांडगं, त्याच्या चौथ्या आवृत्तीत (२०२०) दोन फोर के पडदे चालवता आलेच पाहिजेत असा दंडकच आहे. पण बाहेरून पाहाल तर चारही जण जुळे. वायरींचंही तेच. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याचशा वायरींत चित्र नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. त्या वायरीनं मॉनिटर जोडणं म्हणजे सुतळीला बल्ब लावणं.

नावांनी हा गोंधळ मिटावा की नाही? पण नाव ठेवणारे खोकं लिहिणाऱ्यांचे गुरू. यूएसबी ३.० हे नाव २००८ चं. २०१३ मध्ये त्याच बाळाचं नाव ३.१ जेन १ ठेवलं. पुढे ३.२ जेन १. वेग तिन्ही वेळा तोच, सेकंदाला पाच गिगाबिट. सरकारी योजनेचं नाव बदलतं, फलकावरचा फोटो बदलतो, पण लाभार्थी तोच आणि रक्कमही तीच असते, त्यातला प्रकार. २०२२ मध्ये या मंडळींनाच आपली दया आली असावी, कारण त्यांनी सांगितलं की बाबांनो, हे जेनबिन सोडा आणि सरळ वेगाचा आकडा छापा. आमच्या खोक्यावर अजून जेनच आहे, आणि तेही तीन ठिकाणी तीन निराळ्या आकड्यांचं.

पुतणीच्या लॅपटॉपला शेजारी शेजारी दोन टाइप-सी भोकं. भिंगातून पाहिलं तर एकाजवळ नुसतं बॅटरीचं चित्र, दुसऱ्याजवळ इंग्रजी 'डी'च्या पोटात 'पी' बसलाय अशी खूण. हा 'डिस्प्ले पोर्ट'चा शिक्का. एवढीशी खूण त्या सबंध व्यवहारातली एकमेव प्रामाणिक गोष्ट होती, आणि ती खोक्यावर नव्हती, लॅपटॉपवर होती. डॉकची वायर बॅटरीवाल्या भोकात होती, कारण पुस्तिकेतल्या चित्रात ती तिथंच दाखवलीय! ती काढून 'डी'पाशी लावली. दोन्ही मॉनिटर दोन वेळा पापणी लवल्यासारखे झाले आणि लागले. फक्त माऊसचा बाण डावीकडे नेला की उजवीकडून बाहेर यायचा. पुतणी मॉनिटर उचलून इकडचा तिकडे ठेवायला निघाली. मी म्हटलं, थांब. औंढ्याला नामदेवांसाठी देऊळच फिरलं असं आपण सांगतो ना? सेटिंगमध्ये एक आणि दोन आकड्यांचे दोन चौकोन असतात. दोनचा चौकोन ओढून एकच्या डावीकडे ठेवला. फिरलं देऊळ.

आई खुर्ची ओढून बघत होती. बाण एका पडद्याच्या कडेला जाऊन नाहीसा झाला आणि दुसऱ्यात उगवला.

"त्यो मधल्या फटीत कसा पडंना गं?"

याचं उत्तर पुस्तिकेच्या सातही भाषांत नाही.

मग पुतणीनं, आता सगळं चाललंय तर तिसराही पाहू म्हणून घरातला टीव्ही जोडला. तो लागेना. आणि नव्या मॉनिटरवर दिमाखात 'फोर के' लिहिलेलं असताना लॅपटॉप त्याला साधंच चित्र देत होता. तिला वाटलं डॉक खराब आहे. मला तसं वाटलं नाही. हा हिशेबाचा मामला आहे, आणि हिशेबाला घाबरायचं तर बी.कॉम. कशाला व्हायचं? मी व्हाऊचरच्या पाठीवर आकडेमोड केली, ती इथं देतो. कुणालाही करता येईल.

साधा मॉनिटर म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याला रंगासाठी २४ बिट. चित्र सेकंदाला ६० वेळा नव्यानं काढायचं. झाले सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट. फोर के म्हणजे ठिपके चौपट, तेव्हा बिटही चौपट : १,१९४ कोटी. ही झाली मागणी. आता पुरवठा. टाइप-सीच्या वायरीत जलद रहदारीचे रस्ते चार. डॉकवर पेनड्राइव्ह, इंटरनेट वगैरे मंडळी असतात, म्हणून असे बरेच डॉक दोन रस्ते त्यांना देतात आणि दोन चित्राला. पुतणीच्या लॅपटॉपसारख्या जुन्या डिस्प्ले पोर्टच्या यंत्रात एका रस्त्यानं सेकंदाला ५४० कोटी बिट जातात. त्यातही मोंढ्यात जशी हमाली आणि तोलाई कापतात तशी इथंही कापतात, दहातले दोन. हातात पडतात ४३२. दोन रस्त्यांचे ८६४ कोटी.

बस. एवढ्यावरच सगळी गोष्ट कळते. दोन साधे मॉनिटर, ५९७ कोटी : आरामात बसतात, आणि बसलेच. एक फोर के पूर्ण वेगानं, १,१९४ : बसत नाही. त्याचा वेग निम्मा केला, सेकंदाला तीस चित्रं, तर बसतो, पण माऊस दम लागल्यासारखा चालतो. आणि निम्म्या वेगाचा फोर के अधिक एक साधा मॉनिटर म्हणाल, तर ८९६ कोटी. बत्तीस कोटींनी हुकलं! (दोन चित्रांच्या मधल्या वेळेचा खर्च मी धरलेलाच नाही, तो धरला तर आणखी हुकेल.) नव्या लॅपटॉपांत रस्ता ८१० कोटींचा असतो, चित्र दाबून पाठवायच्या युक्त्याही असतात, त्यांची गोष्ट निराळी. पण खोक्यावरचं वचन आहे तीन फोर के पडद्यांचं. वेगाचा आकडा चित्राखाली नाही, तेव्हा वाचणारा पूर्ण वेगच धरणार. तीन फोर के म्हणजे ३,५८३ कोटी. खात्यात शिल्लक ८६४ आणि चेक ३,५८३ चा! आमच्याकडे असा चेक कुणी लिहिला तर तो परत जातो, आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ नावाचं एक लहानसं प्रकरण त्या गृहस्थाच्या मागे लागतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची सोय आहे. खोक्यावर लिहिला तर त्याला 'मार्केटिंग' म्हणतात.

तिसऱ्या भोकाचं रहस्य तर आणखी खोल निघालं. त्यातून चित्र सरळ जातच नाही. ती डिस्प्लेलिंक नावाची वेगळी रीत आहे. दुधाची पावडर करून पाठवायची आणि तिकडे पाणी घालून पुन्हा दूध करायचं, तसं लॅपटॉप चित्र आटवून फायलींच्या रस्त्यानं पाठवतो आणि डॉकमधली चीप ते पुन्हा उलगडते. रीत चांगली आहे. ज्यांच्या लॅपटॉपमधून एरवी दुसरा पडदा निघतच नाही, त्यांचा तोच आधार. पण पावडर करायची गिरणी लॅपटॉपमध्ये बसवावी लागते, म्हणजे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर कंपनीला विचारल्याशिवाय काही बसवता येत नाही. 'प्लग अँड प्ले' म्हणजे लावा आणि खेळा. खेळायला पुण्याहून परवानगी आणावी लागते, हे मुखपृष्ठावरच्या हसऱ्या तरुणाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

'युनिव्हर्सल' या शब्दाबद्दल मी कमी बोलणार होतो, पण तो शब्द मोठा आहे. विश्व म्हटलं की त्यात ॲपलचे मॅकही आले. या डॉकची दोन पडद्यांची युक्ती (एका रस्त्यानं दोन चित्रांची गाठोडी एकत्र पाठवायची, पलीकडे सोडायची) विंडोजला येते, मॅक मात्र दोन वेगळी चित्रं या रीतीनं पाठवत नाही. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं. विसोबा खेचर औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजले होते, आणि नामदेवांनी ते पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंड प्रकटायची, ही कथा आमच्या जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक. त्यातून नामदेवांना ज्ञान झालं. मॅकवाल्याला दोन्हीकडे तेच ते दिसून ज्ञान होतं की नाही सांगता येत नाही, त्याचं साडेसहा हजारांचं काम मात्र होत नाही. शिवाय २०२० चा एम१ चीपचा मॅकबुक एअर बाहेरचा एकच पडदा चालवतो. २०२४ च्या एम३ मध्ये दोन चालले, पण लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर. झाकण उघडं ठेवून दोन, ही सोय २०२५ च्या एम४ पासून. हे त्या कंपनीनं आपापल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं आहे. आमच्या खोक्यावर मॅकबुकचं नुसतं चित्र आहे, कुठलं ते नाही. समूहनृत्याच्या फोटोत आपली नात कुठली हे ओळखावं तसं ओळखायचं.

कुणी म्हणेल, खेड्यापाड्याकडे असंच चालायचं. तर तसं नाही. आमच्या औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो प्रयोगशाळेची आखणी आहे. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर इथं प्रोटॉनच्याही दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल टिपायची. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, त्यांच्या नियंत्रणकक्षांत भिंतभर पडदे असतात. तसे पडदे उद्या आमच्या जिल्ह्यातही लागतील, आणि ते लावणाऱ्यांना खोकं वाचून खरेदी करावी लागणार नाही. त्यांच्या हाती तपशिलाचा कागद असतो. कोणत्या रस्त्यानं किती बिट, हे त्यात लिहिलेलं असतं. खोकं वाचावं लागतं ते पुतणीला. परत पाठवायची मुदत सात दिवस, कुरिअरवाला गावात येणार तिसऱ्या दिवशी, आणि सोमवार दोन दिवसांवर.

लेखकाला हे आकडे ठाऊक नव्हते असं मात्र मानायला मी तयार नाही. ठाऊक नसते तर चांदणी कशाला काढली असती? अज्ञानी माणूस चांदणी काढत नाही, तो सरळ खोटं लिहून मोकळा होतो. चांदणी ही जाणकाराची सही आहे. माझा आक्षेप यंत्रावर नाही. यंत्र बिचारं ८६४ कोटींत जेवढं होतं तेवढं इमानानं करत होतं. आक्षेप गद्यावर आहे.

खोक्याच्या बुडाशी आणखी एक मजकूर आहे, आणि तो अगदी निर्दोष आहे. आयात करणाऱ्याचं नाव, देश, महिना, वर्ष, कमाल किंमत, तक्रारीचा पत्ता, आणि 'नेट क्वांटिटी : १ एन'. हा मजकूर लेखकानं हौसेनं लिहिलेला नाही, २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी लिहवून घेतलाय. अक्षरं किती उंच असावीत हेही त्या नियमांत आहे. आत वस्तू एकच आहे, दीड नाही, याची सरकार ग्वाही देतं. तिच्यावर पडदे किती लागतील हे मात्र विचारत नाही.

आणि विचारलं की लिहिता येतं, हे मी स्वतःच्या खात्यावरून सांगतो. कर्जाच्या कागदांबद्दल आम्हा बँकवाल्यांना लोक काय काय म्हणत आले ते मला ठाऊक आहे, मी काउंटरवरच असतो. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये फर्मान काढलं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना 'मुख्य तथ्य पत्रक' द्यावं लागतं. व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते एका जागी, आणि तेही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. आमच्यातल्या काही ज्येष्ठांना वाटलं, आता धंदा बसला. बसला नाही. परवा सेनगावकडचा एक शेतकरी ते पत्रक वाचून म्हणाला, "साहेब, हे फीचं तेवढं कमी करा." साहेबांना बोलावं लागलं. तो मजकूर नसता तर गृहस्थ सही करून गेला असता.

मग डॉकला का नसावं? मी त्या कंपनीला एक मसुदा लिहून पाठवला, मराठीत आणि खाली माझ्या इंग्रजीत. 'ज्या भोकाजवळ डी-पीची किंवा विजेच्या बाणाची खूण आहे त्यातच लावावे. चित्राचे रस्ते दोन. जुन्या लॅपटॉपवर साधे दोन मॉनिटर पूर्ण वेगाने, किंवा फोर के एकच आणि तोही निम्म्या वेगाने. तिसऱ्या पडद्याला प्रोग्राम बसवावा लागतो, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी विचारावे. मॅकवर पहिल्या दोन्ही भोकांतून एकच चित्र दिसेल. बरोबर दिलेलीच वायर वापरावी.' मोजून पाच ओळी. मुखपृष्ठावर बर्फाच्या डोंगराला धक्का न लावता मावतात, मी पट्टीनं मापून पाहिलं. एक डोंगर काढला तर मोठ्या टायपातही बसतील.

पुतणी सोमवारी वेळेवर कामाला बसली. दोन साधे पडदे, तिला तेवढेच हवे होते. टीव्ही परत आईच्या खोलीत गेला. तिच्या ऑफिसातल्या दोघांनी, एक नांदेडचा, एक सोलापूरकडचा, तिला फोन करून विचारलं की तूही हेच घेतलंयस ना, आमचं लागत नाही. तिनं त्यांना व्हाऊचरच्या पाठीचा फोटो पाठवला. नांदेडच्याचं भोक चुकलं होतं. सोलापूरच्याला फोर के हवा होता, त्यानं मुदत संपायच्या आत परत केलं.

माझ्या मसुद्याला कंपनीकडून उत्तर आलं, चोवीस तासांच्या आत, हे मान्य करायला हवं. 'प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया केबल काढून पुन्हा लावून पाहावी.' खाली एक चांदणी होती. तिचा जोडीदार मी अजून शोधतोय.